छातीतली वाकडी रेघ

माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. एके दिवशी सकाळी मी मोरीत तोंड धूत होते. खोकला आला. तसा तो मला नेहमीच यायचा, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. पण तोंड पुसताना पदर लाल झाला. पुन्हा खोकले तेव्हा चूळभर रक्त मोरीत पडलं. मी घाईघाईनं तांब्या ओतला आणि मागे वळले, तर सासूबाई कळशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, आत्याबाई. पहिल्यांदाच."

"खोटं बोलू नको."

"खरंच सांगते."

त्यांनी कळशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेल्या. तिथं मुलगी पाळण्यात झोपली होती. त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. त्या असं का करताहेत ते मला तेव्हा उमगलं नाही. मला वाटलं, मला दवाखान्यात न्यायचं म्हणून मुलीची सोय करताहेत.

आमची वस्ती राहात्याजवळ होती. घराला लागून पेरूची बाग, पलीकडे थोडा ऊस. आमचे हे साखर कारखान्यात काट्यावर कामाला होते, उसाच्या गाड्यांचं वजन करायला. ते दुष्काळाचं वर्ष होतं. पाट कोरडा पडलेला, बागेतली झाडं पानं गाळून उभी. ह्यांनी त्या दिवशी कामावर खाडा केला आणि मला सायकलवर बसवून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर जुने आणि माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी थुंकी तपासायला घेतली आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. तो आल्यावर खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"उजव्या फुफ्फुसावर सावली आहे," ते म्हणाले. "हे फुफ्फुस आक्रसलंय, आणि त्यानं काळीज आपल्याकडे ओढून घेतलंय. जुना क्षय असला की असं होतं."

"पण थुंकी तपासली त्यात काही निघालं नाही ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही निघालं. म्हणून क्षय नाहीच, असं म्हणता येत नाही. रक्त पडतंय, सावली दिसतेय. मी वाट बघत बसणार नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाळ अंगावर पितं?"

मी मान हलवली.

"आजपासून बंद. आणि जवळ घ्यायचं नाही. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगतोय."

घरी येताना ह्यांनी सायकल हातात धरली होती आणि आम्ही दोघं चालत होतो. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. लग्नाला वर्षं झाली होती, पण त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. मिसरूड फुटायच्या वयात तो असाच खोकत गेला होता. इंजेक्शनं तेव्हा आमच्या भागात पोचली नव्हती. सासूबाईंनी त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, कारण हे स्वतः तेव्हा लहान होते आणि ह्यांना वाचवायचं होतं. "आई त्याला लांबून भाकरी सरकवायची," हे म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा तीच मागची खोली झाडून ठेवलेली होती. आत बाज, नवी वाकळ, एक ताट, एक तांब्या. औषध फवारायचा पंप आणि कुदळी-फावडी बाहेर काढून भिंतीला लावलेली.

दूध आटायला बराच काळ गेला. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मी लुगड्याचा पट्टा घट्ट बांधून पडून राहायची. मुलगी भुकेनं रडायला लागली की तिचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि पट्टा ओला व्हायचा. सासूबाई तिला वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजायच्या. पहिले काही दिवस ती ते थुंकून टाकायची. मग प्यायला लागली. ज्या दिवशी रडण्याचा आवाज आला नाही, त्या दिवशी मला जास्त रडू आलं.

सासूबाईंनी माझ्या खाण्यात कधी हात आखडता घेतला नाही, हे सांगायला हवं. अंडी, दूध, भाकरीवर तूप. ताट उंबऱ्यात ठेवून त्या चार पावलं मागं सरायच्या आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या.

"सगळं संपव," म्हणायच्या. "अंगात ताकद आली पायजे."

"आत्याबाई, तिला दारापर्यंत तरी आणा. लांबूनच बघते."

"न्हाई."

"नुसती बघते."

"ती तुला बघंल आन् वरडंल. मग मला तिला आवरायचं व्हईल का?" एवढं बोलून त्या ताट राखेनं वेगळं घासायला घेऊन जायच्या.

रोज इंजेक्शन घ्यायला मी गावात जायची. काही महिन्यांत माझ्या कानात सतत शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला. चालताना तोल जायचा, भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांमुळे असं होतं, आपण ती एक दिवसाआड करू. वजन वाढत होतं, तरी दवाखान्याचा जिना चढल्यावर धाप लागायची ती लागायचीच.

धाप मला नवी नव्हती. माझं माहेर अकोल्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथं घरातून निघालं की एकतर चढ नाहीतर उतार. भाताच्या खाचरांत आम्ही सगळ्या मुली बरोबर जायचो, पण परतीच्या चढावर मी मागं पडायची. बाकीच्या वर थांबून हसायच्या. दर पावसाळ्यात मला ताप आणि खोकला यायचा. आई म्हणायची, हिची छाती पहिल्यापासून नाजूक. सपाटीवरचं स्थळ आलं तेव्हा ती सगळ्यात जास्त ह्यासाठी खूश झाली होती की पोरीला आता डोंगर चढावा लागणार नाही.

मागच्या खोलीच्या दारातूनच मी माझ्या मुलीला पहिल्यांदा चालताना पाहिलं. सासूबाई अंगणात हात पसरून बसल्या होत्या आणि ती डुलत डुलत त्यांच्याकडे गेली. त्यांच्या गळ्यात पडून तिनं त्यांना "आई" म्हटलं. सासूबाईंनी चटकन माझ्या दाराकडे पाहिलं. मी आत सरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त पडलं. धुणं वाळत घालताना, भर उजेडात. आधीपेक्षा जास्त. ह्या वेळी गावातले डॉक्टरही गडबडले.

"औषधं इतके दिवस चालू असताना हे व्हायला नको होतं," ते म्हणाले. "माझं काहीतरी चुकतंय, नाहीतर औषध लागू पडत नाही. नगरला जा. हा जुना फोटोही बरोबर न्या."

एस.टी.त हे माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझ्यापासून अंतर असं कधी ठेवलंच नव्हतं. आईची पाठ वळली की खोलीत येऊन बाजेवर बसायचे. रस्त्याच्या कडेनं दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. दोघंही खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मला खात्री वाटत होती की नगरला मला ठेवून घेतील आणि मी परत वस्तीवर येणार नाही.

नगरचे डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी नळी माझ्या छातीच्या डाव्या बाजूला लावली, थांबले, मध्यावर आणली, मग उजवीकडे नेली. तिथं बराच वेळ ऐकत राहिले.

"तुमच्या काळजाचे ठोके उजवीकडे आहेत. लहानपणापासून असेच आहेत?"

मला आठवलं. शाळेत गुरुजींनी एकदा सगळ्यांना डाव्या छातीवर हात ठेवायला सांगितलं होतं. माझ्या हाताला तिथं काही लागेना. मी हात सरकवत सरकवत उजवीकडे नेला, तेव्हा ठोके लागले. मला वाटलं होतं, आपल्याला डावं-उजवंच कळत नाही. लाजेनं कुणाला बोलले नव्हते. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं.

ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी माझा नवा फोटो काढून आणवला आणि जुना व नवा शेजारी शेजारी दिव्याच्या काचेवर लावले.

"इकडे या. दोघंही या. काही फरक दिसतो?"

आम्हाला दिसेना.

"मलाही दिसत नाही. क्षय असता तर इतक्या महिन्यांत सावली कमी झाली असती, नाहीतर वाढली असती. ही जशीच्या तशी आहे." त्यांनी पेन्सिलीचं टोक काचेवर टेकवलं. "आणि ही रेघ बघा. फुफ्फुसातून निघून खाली खाली जाते, काळजाच्या कडेनं वाकत. ऊस तोडायच्या कोयत्याचं पातं असतं ना, तशी."

आता सांगितल्यावर ती मला दिसली. पांढुरकी, वाकडी, खाली जाताना जाड होत गेलेली.

"ही काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"मला वाटतं, ही शीर आहे. फुफ्फुसात शुद्ध झालेलं रक्त काळजाच्या डाव्या कप्प्यात परत यायला हवं. सगळ्यांचं तसंच येतं. ह्यांच्या उजव्या फुफ्फुसाची शीर तिथं जातच नाही. ती खाली उतरते आणि पोटाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते. आईच्या पोटात असतानाच तशी झालेली. अशा माणसांचं उजवं फुफ्फुस लहान राहतं, म्हणून काळीज त्या बाजूला सरकतं. मी हे पुस्तकात पाहिलंय. माणसात आज पहिल्यांदा पाहतोय."

"म्हणजे मला टीबी नाही?" मी विचारलं.

"माझी जवळजवळ खात्री आहे. पण जवळजवळ खात्रीवर मी तुमच्या मुलीला तुमच्या मांडीवर देणार नाही. पुण्याला एक तपासणी होते. हातातल्या शिरेतून बारीक नळी घालतात, काळजापर्यंत नेतात. ती नळी ह्या शिरेत शिरली तर प्रश्न मिटला."

"धोका असतो?" ह्यांनी विचारलं.

"असतो. थोडा असतो, पण असतो."

घरी आल्यावर ह्यांनी आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. सासूबाई ओट्यावर मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मी अंगणात उभी.

"काळजात नळी?" त्या म्हणाल्या. "आन् तिथंच काय झालं म्हंजी? टीबी हाय तर हाय. औषध घेतीय, खातीय, पितीय. जित्ती तर हाय! शीर भलतीकडं गेली म्हनं. शीर अशी भलतीकडं जाती व्हय कुनाची?"

"आई, डॉक्टर म्हणतात..."

"पैला डॉक्टरबी म्हनतच हुता."

खरं तर ह्यांनाही भीती वाटत होती, ते माझ्याकडे बघत नव्हते. मग मीच बोलले. "आत्याबाई, मी जाणार. मला माझी मुलगी पाहिजे."

त्या घरात मी इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते. सासूबाईंनी मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. निघायच्या दिवशी त्यांनी भाकरी आणि चटणी बांधून दिली, आणि पुडकं उंबऱ्यात न ठेवता ह्यांच्या हातात दिलं.

पुण्याच्या त्या मोठ्या इस्पितळात तपासणीची खोली अंधारी आणि थंड होती. मला टेबलावर निजवलं. गुंगी देत नसत, माणूस जागाच असायचा. उजवा हात लांब करून बांधला, कोपराच्या वर बधिर करायची सुई टोचली आणि कातडीला छोटा छेद दिला. दुखलं नाही, फक्त ओढल्यासारखं वाटलं. तिथले डॉक्टर वयानं तरुण होते आणि सारखं बोलत होते, बहुतेक माझ्यासाठीच.

"आता नळी खांद्यापाशी आली. आता छातीत उतरली. तुम्हाला काही जाणवणार नाही."

मला जाणवलं. एकाएकी काळीज मासोळीसारखं उसळलं, एक ठोका चुकला, मग दोन-तीन एकदम आले.

"नळी आतून टेकली, म्हणून. मागे घेतोय. श्वास घ्या. घ्या श्वास."

मी श्वास घेतला. ठोके ताळ्यावर आले. माझ्या डोक्यापाशी उभी असलेली नर्स माझ्या कपाळाला हात लावून होती. इतक्या महिन्यांत नवऱ्याखेरीज मला कुणी असा हात लावला नव्हता.

डॉक्टर जागोजाग थांबून पिचकारीत थोडं थोडं रक्त ओढून घेत होते. मान वळवली की मला ते दिसायचं. काळपट, जांभळाच्या रसासारखं. त्यांनी नळी आणखी खाली नेली. एका बाजूला वळवली. पडद्यावर बघत पुन्हा मागं घेतली, पुन्हा वळवली. बोलणं थांबलं होतं. खोलीत फक्त यंत्राची घरघर. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, आत जाऊ दे. काय आत जायचं आहे तेही मला धड माहीत नव्हतं.

"गेली," कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी पिचकारीचा दट्ट्या ओढला. ह्या वेळी रक्त लालभडक आलं. त्यांनी ती पिचकारी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"बघा. ह्या जागी काळं रक्त असायला हवं. हे फुफ्फुसातून शुद्ध होऊन आलेलं आहे. तुमची शीर सापडली."

मग त्यांनी नळीतून औषध सोडलं. छातीपासून बेंबीपर्यंत आग पसरली आणि विझली. फोटोंचा कडकडाट झाला. बाहेर आणलं तेव्हा हे दारातच उभे होते. त्यांच्या हातातली टोपी पिळून पिळून चिंधी झाली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. शीर चुकीच्या ठिकाणी उघडते हे नक्की. पण त्या वाटेनं जाणारं रक्त थोडं आहे आणि काळजाला ते झेपतंय. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग जन्मतःच कमजोर, म्हणून दर पावसाळ्यात ताप, आणि म्हणूनच रक्त. ताप आला की ताबडतोब औषध घ्यायचं. टीबीची इंजेक्शनं आणि गोळ्या बंद.

"ऑपरेशन?" ह्यांनी विचारलं.

"करता येतं. पण ती शीर कापून दुसरीकडे जोडायची म्हणजे छाती उघडायची. आज त्यांना जो त्रास आहे त्यापेक्षा तो धोका मोठा आहे. माझ्या बहिणीला मी करू दिलं नसतं."

मी विचारलं, "माझ्या मुलीला असं काही असेल का?"

"सहसा आईकडून मुलाला जात नाही. पण एक फोटो काढून घ्या. तुमची घालमेल थांबेल."

परतीच्या वाटेवर टीबी नाही ह्याचा आनंद मला धड झालाच नाही. जन्मापासून, जन्मापासून, एवढाच शब्द डोक्यात फिरत होता. माझ्या पोटात ती तयार झाली होती. तिच्या शिरा कुठं गेल्या असतील?

म्हणून आम्ही तिघंही तिला घेऊन नगरला गेलो. मुलगी सासूबाईंच्या कडेवर. फोटोच्या खोलीतला माणूस म्हणाला, "पोरीला धरून कुणीतरी उभं राहायचं. आईनं धरा. बाकीचे बाहेर."

"मी धरते," सासूबाई म्हणाल्या. "तिला माझी सवय हाय."

तो माणूस थांबला. सासूबाई मुलीला घेऊन एक पाऊल आत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. मग वळून माझ्याकडे आल्या.

"धर," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले. त्यांचे हात सुटत नव्हते. क्षणभर मुलगी दोघींच्या हातांत होती. मग त्या झटकन बाहेर गेल्या आणि दार लागलं.

मुलीनं किंकाळी फोडली. ती दाराकडे हात करून "आई, आई" ओरडत होती आणि मला लाथा मारत होती. किती जड झाली होती! मी तिला थंडगार पत्र्याला टेकवून उभी केली, दोन्ही हात वर धरले. तिचं अंग थरथरत होतं. माझा तळवा तिच्या छातीवर गेला आणि डाव्या बाजूला मला ठोके लागले, पाखरासारखे भरभर. मी हात काढेना, तेव्हा तो माणूस ओरडला, "बाई, हात बाजूला घ्या!"

फोटो धुऊन यायला वेळ लागला. बाकावर आम्ही ओळीनं बसलो. मुलगी पुन्हा सासूबाईंकडे गेली होती आणि हुंदके देत झोपली होती. अखेर डॉक्टर स्वतःच फोटो हातात घेऊन बाहेर आले.

"स्वच्छ आहे. काळीज जागेवर, शिरा जागेवर. काही नाही."

ह्यांनी भिंतीला डोकं टेकलं. सासूबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हलक्या आवाजात डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझं थोरलं पोरगं खोकून खोकून गेलं. त्याचा आमी फोटो काढलाच न्हाई. त्यालाबी असंच काई असंल का?"

डॉक्टर त्यांच्याजवळ बाकावर बसले. "आजी, हे लाखात एखाद्याला असतं. त्यांना क्षयच असणार. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही.

माझी बाज त्याच संध्याकाळी घरात आली. वस्तीवरच्या बायकांना मात्र पटलं नाही. टीबी सगळ्यांना ठाऊक होता, चुकीच्या जागी जाणारी शीर कुणी ऐकली नव्हती. पुढची काही वर्षं माझ्या हातचा चहा कुणी प्यायचं नाही. सासूबाई कुणी तसं टाळलं की तिच्या हातातली कपबशी काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मग घरला जा, घरीच पी."

मुलगी लगेच माझ्याकडे आली नाही. मी जवळ गेले की सासूबाईंच्या पदराआड लपायची. मग सासूबाईंनी एक काम केलं. त्या आठ-पंधरा दिवसांसाठी आपल्या बहिणीकडे अकोल्याला निघून गेल्या, कुणी न सांगता. पहिले दोन दिवस मुलीनं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा ती येऊन सुपाच्या पलीकडे बसली. थोड्या वेळानं तिनं मूठभर तांदूळ उचलले आणि माझ्या ओंजळीत टाकले. ती बिचकू नये म्हणून मी तिच्याकडे न बघता निवडत राहिले. ती पुन्हा पुन्हा टाकत राहिली.